खांबासारख्या निवडुंगांची काट्यांवरून ओळख

शेताचा बांध, गोठ्याची मागील बाजू आणि ओढ्याचा काठ या ठिकाणी निवडुंगाचे कुंपण असणे ही महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागातील नेहमीची गोष्ट आहे. हे कुंपण पाण्यावाचून वाढते, गुरे त्यास तोंड लावीत नाहीत आणि त्यास खर्चही फारसा येत नाही. परंतु निवडुंग, थोर, साबर ही नावे लोकव्यवहारात इतकी सैलपणे वापरली जातात की, एकाच नावाखाली अगदी भिन्न गुणधर्मांच्या वनस्पती येतात. त्यांपैकी काहींचा चीक डोळ्यांत गेल्यास दृष्टी धोक्यात येते, तर काहींची फळे माणसे आवडीने खातात. म्हणून नावावर किंवा आकारावर न विसंबता काटे नीट पाहून ओळख पटविणे आवश्यक आहे.

दोन भिन्न कुळे

उभ्या, मांसल, हिरव्या खोडाच्या या वनस्पती मुख्यतः दोन कुळांतील आहेत. पहिले कॅक्टस कुळ. हे मूळचे अमेरिका खंडातील असून आपल्याकडील खांबासारखे सर्व कॅक्टस बाहेरून आणून लावलेले आहेत. दुसरे एरंडाचे कुळ. तिधारी निवडुंग, मिनगुट किंवा वई निवडुंग आणि शेर या वनस्पती या कुळातील यूफोर्बिया प्रजातीत मोडतात. दोन्ही कुळांनी कोरड्या हवामानाशी जुळवून घेताना पाने कमी केली आणि खोडात पाणी साठविले. त्यामुळे त्यांचे बाह्यरूप सारखे झाले. हे साम्य केवळ वरवरचे आहे.

काट्यांची बैठक

ओळखीची पहिली व सर्वांत भरवशाची खूण म्हणजे काटा कोठून निघतो ही होय. कॅक्टसच्या खोडावरील कण्यांवर ठराविक अंतराने लहान, लव असलेल्या गाद्या असतात. प्रत्येक गादीतून काट्यांचा झुबका चांदणीप्रमाणे बाहेर पडतो. ही गादी म्हणजे अतिशय आखूड झालेली फांदीच असून फूल व नवी फांदीही तेथूनच फुटते. क्वचित काटे अगदी थोडे असले किंवा मुळीच नसले, तरी गादी मात्र राहते.

यूफोर्बियात अशी लवदार गादी नसते. तेथे खोडाच्या धारेवर अगर गाठीवर लहान, टणक चकती असते व तीवर आखूड काट्यांची एकच जोडी, दोन शिंगांप्रमाणे, बाजूंना वळलेली दिसते. हे काटे पानाच्या देठाशी असणाऱ्या उपपर्णांचे रूपांतर होय. थोडक्यात, लवदार गादीतून झुबका निघाला असेल तर कॅक्टस आणि टणक चकतीवर जोडी असेल तर यूफोर्बिया, हा नियम ध्यानात ठेवावा.

नेहमी आढळणाऱ्या जाती

तिधारी निवडुंग : फांद्यांना बहुधा तीन, क्वचित चार-पाच जाड धारा असतात. धारेच्या उंचवट्यांवर काट्यांच्या जोड्या असतात. पाने अगदी लहान असून लवकर गळतात. जुना बुंधा मात्र गोल होतो.

मिनगुट किंवा वई निवडुंग : फांद्यांवर गाठींच्या पिळदार रांगा असतात. पावसाळ्यात शेंड्याकडे जाड, मांसल पानांचा झुबका येतो व उन्हाळ्यात तो गळतो.

खांबी कॅक्टस (सिरीयस) : हा बागांतून व कुंपणांतून लावलेला आढळतो. खोड सरळ, निळसर हिरवे असून त्यास बहुधा पाच ते आठ उभे कणे असतात. मोठी पांढरी फुले रात्री उमलतात व दुसऱ्या दिवशी कोमेजतात. फळ गुळगुळीत असून आत पांढरा गर व काळे बी असते.

ड्रॅगन फ्रूट : याचीही खोडे तीनधारी असल्याने तिधारीशी गल्लत होते. परंतु हा वेल आधारावर चढतो, त्यास हवेत मुळे फुटतात आणि धारेवरील गाद्यांत अगदी लहान काटे असतात. रोपे किंवा कलमांचे तुकडे विकत घेताना ही खूण तपासून पाहावी.

शेर : यास काटे नसतात, पेन्सिलीएवढ्या गोल फांद्यांवरून तो ओळखावा. काटा नाही म्हणून तो निरुपद्रवी समजू नये. त्याचा चीक अत्यंत दाहक असतो.

निरीक्षण करताना

जुन्या बुंध्यावरील काटे झडलेले असतात, म्हणून शेंड्याकडील चालू वर्षाची वाढ पाहावी. कण्यांची संख्या वयाप्रमाणे बदलते. केवळ तीवरून निर्णय करू नये. चिकाची परीक्षा शेवटी करावी. खोडास टोचताच यूफोर्बियातून दुधासारखा चीक वाहतो, तर सिरीयसमधून पाण्यासारखा चिकट रस येतो. काही गोल, बुटक्या कॅक्टसमध्येही दुधासारखा चीक असतो, हे मात्र विसरू नये. ही परीक्षा करताना तोंड दूर ठेवावे व वाऱ्याच्या दिशेस उभे राहू नये.

ओळख चुकल्यास

टंचाईच्या काळात फड्या निवडुंगाचे काटे जाळून तो गुरांना चारण्याची रीत आहे. फड्या निवडुंग हा चपट्या खोडाचा कॅक्टस आहे. हीच रीत नावाच्या साम्यामुळे तिधारी, मिनगुट किंवा शेर यांस लावल्यास काटे जळतील, पण चिकातील विष राहील. त्याने जनावराच्या तोंडास फोड येतात व जुलाब होतात. या वनस्पती गुरांना मुळीच घालू नयेत.

कुंपण छाटताना चीक डोळ्यांत उडण्याचा धोका सर्वांत मोठा आहे. छाटणी करणाऱ्याने चष्मा, हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत आणि हात साबणाने धुतल्यावाचून डोळ्यांस लावू नयेत. चीक डोळ्यांत गेल्यास डोळा न चोळता ताबडतोब स्वच्छ पाण्याच्या धारेखाली निदान पंधरा मिनिटे धुवावा व विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. सुरुवातीस थोडी आग वाटली, तरी काही तासांनी त्रास वाढून दृष्टीस इजा होऊ शकते. दूध, तूप किंवा झाडपाल्याचा रस डोळ्यांत घालू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शिवारफेरीच्या वेळी गावातील कुंपणांवरच शेतकऱ्यांना लवदार गादी व काट्यांची जोडी यांतील फरक दाखवावा. शाळेतील मुलांनाही तो समजावून द्यावा. कारण कुंपणाजवळ खेळणारी व फांद्या मोडणारी बहुधा मुलेच असतात. एकदा काट्याची बैठक पाहण्याची सवय लागली, म्हणजे नावांचा घोटाळा राहत नाही आणि कोणत्या झाडापासून सावध राहावे हे ज्याचे त्यास कळते.