ओळखीच्या बदलापाशी थांबू नये

कंबर आणि खांद्यांचे स्नायू वर्षानुवर्षे झिजवणाऱ्या आनुवंशिक आजाराचे निदान करताना रुग्णाचे मूळ गाव आणि समाज विचारला जातो, ते योग्य कारणासाठी. उत्तर भारतातील अग्रवाल समाजातील रुग्णांत कॅल्पेन-३ या जनुकातले दोनच बदल पुन्हा पुन्हा सापडले. समाजात पिढ्यान्‌पिढ्या आपापसातच लग्ने होत राहिली की जुन्या पूर्वजाकडून आलेला बदल वाहकांमधून शांतपणे पुढे जातो आणि आईवडील दोघांकडूनही मिळाला तरच आजार होतो. म्हणून अशा रुग्णात आधी ओळखीचे बदल तपासणे शहाणपणाचे आहे. पण तिथेच थांबणे धोक्याचे, हे हिंदी महासागरातील रीयुनियन बेटाने दाखवले. सतराव्या शतकात आलेल्या मोजक्या वसाहतकारांच्या वंशजांत हा आजार दिसत होता, त्यामुळे एकच बदल अपेक्षित होता. १९९५ साली मात्र त्या कुटुंबांत कॅल्पेन-३ चे किमान सहा वेगवेगळे बदल सापडले.

समाजाचे नाव घेतल्याने त्या समाजावर डाग लागतो, हा आक्षेप गंभीर आहे. पण सदोष जनुके कुठल्या एका समाजाचीच नसतात. कॅल्पेन-३ चा वेगळाच एक बदल स्पेनच्या बास्क लोकांत आढळतो. वाहक स्वतः निरोगी असतो, आणि लपवाछपवीने बदल नाहीसा होत नाही. डुशेन या स्नायू झिजवणाऱ्या दुसऱ्या आनुवंशिक आजारात तर सुमारे एक तृतीयांश मुलांमधला बदल आईकडून आलेला नसतो, नव्यानेच घडलेला असतो. तिथे वंशावळ कितीही तपासली तरी हाती काही लागत नाही. दुसरा आक्षेप असा, की आता शेकडो जनुके एकदम वाचता येतात, मग समाज विचारायचा कशाला? वाचन सोपे झाले, अर्थ लावणे नाही. अहवालात दिसलेला बदल आजाराचा की निरुपद्रवी, हे ठरवायला त्याच लोकसमूहातील निरोगी माणसांची माहिती लागते, आणि जगातील मोठे जनुकसंच अजून प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत. तिथे दुर्मीळ वाटणारा बदल आपल्याकडे सर्रास असू शकतो.

म्हणून समाजाची नोंद तपासणीला दिशा देण्यापुरती घ्यावी, निकाल देण्यासाठी नव्हे. ज्या घरात निदान झाले आहे, त्यांनी नेमका बदल लिहिलेला अहवाल जपून ठेवावा आणि भावंडांच्या लग्नाआधी तो घेऊन जनुकीय समुपदेशकाला भेटावे.