पन्नाशीपुढची गाडी (लेखांक ६) : किती नंबरचं ऑइल?

नारायणगावात किंवा मंचरला ऑइलच्या दुकानात गेलात की काउंटरवरून पहिला प्रश्न येतो, "किती नंबरचं?" ट्रॅक्टरवाला पटकन सांगतो, विहिरीवरच्या इंजिनवाला सांगतो, बुलेटवाला तर कंपनीच्या नावासकट सांगतो. जुन्या फियाटचा मालक अडखळतो. मग शेजारी उभा असलेला कुणीतरी म्हणतो, "जुनं इंजिन आहे ना? जाड टाका." दुकानदाराचं म्हणणं नेमकं उलटं असतं, "एवढी हौसेची गाडी, चांगलं महागातलं सिंथेटिक न्या." दोघंही मनापासून सांगतात आणि बहुतेक वेळा दोघंही चुकतात, कारण दोघांनी फक्त गाडीचं वय पाहिलेलं असतं. ऑइल ठरतं ते इंजिन शेवटचं कधी उघडलं, कसं बांधलं आणि त्यानंतर त्यात काय पडत आलं, यावरून. आरसी बुकातलं साल त्या मानाने दुय्यम.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत जपलेली गाडी म्हणजे बहुधा तिघांपैकी एक. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली फियाट ११००, जिचं नाव पुढे पद्मिनी झालं. हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बॅसेडर. किंवा महिंद्राची जीप. महिंद्राने १९४७ पासून विलिसच्या जीपा मुंबईत जोडायला घेतल्या आणि पुढे त्या इथेच बनू लागल्या. घोडेगावच्या पुढे भीमाशंकरच्या बाजूला रस्ते कच्चे होते तेव्हा चारचाकी म्हटलं की हीच डोळ्यांपुढे यायची. या तिघींच्या इंजिनांत एक गोष्ट सारखी आहे, आणि ऑइलचा निम्मा प्रश्न तिच्यावरच अडतो. तिच्याकडे येऊच. आधी डब्यावरचे आकडे.

ऑइलच्या जाडीला नंबर देण्याची पद्धत अमेरिकेतल्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने १९११ मध्ये सुरू केली. हे नंबर म्हणजे मोजमाप नव्हे, इयत्ता आहेत. ऑइल १०० अंश सेल्सिअसला तापवून त्याचा दाटपणा मोजतात. तो १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्सच्या मध्ये आला तर ते ४० नंबर, १६.३ ते २१.९ मध्ये आला तर ५० नंबर. म्हणजे एका कंपनीचं पातळसर ५० आणि दुसरीचं जाडसर ४० यांत फरक अगदी थोडा असू शकतो. '२०डब्ल्यू-५०' मधला डब्ल्यू हिवाळ्याचा. २०डब्ल्यूची परीक्षा होते ती शून्याखाली १५ अंशांना, एवढ्या गारठ्यात स्टार्टर इंजिन फिरवू शकेल का, हे पाहण्यासाठी.

आता आपल्याकडची थंडी पाहा. पुण्यात आजवर नोंदलेलं सर्वांत कमी तापमान १.७ अंश. जुन्नरच्या द्राक्षबागांत जानेवारीच्या पहाटे शेकोट्या पेटतात, पण तेव्हाही पारा शून्याच्या वरच असतो. तेव्हा ५डब्ल्यू आणि २०डब्ल्यू यांतला जो फरक काश्मीरात किंवा लडाखात कळेल, तो शिवनेरीच्या पायथ्याशी फारसा जाणवत नाही. पहिल्या आकड्यासाठी इथे जादा पैसे मोजू नयेत. लक्ष द्यायचं ते दुसऱ्या आकड्याकडे. मे महिन्यात कल्याणहून माळशेज चढून येताना, दुसऱ्या गिअरमध्ये, पंखा पट्ट्यावर फिरतोय आणि वारं पाठीमागून आहे, अशा वेळी बेअरिंगमध्ये ऑइलचा पदर टिकतो की नाही, हे दुसरा आकडा सांगतो.

जुन्या इंजिनांची रचना आजच्याइतक्या बारीक फटींची नव्हती. क्रँकचा दांडा आणि बेअरिंग यांच्यातली फट मोठी, ऑइल पंप साधा. आजच्या गाड्यांना लागणारं ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० तिथे टिकत नाही, फटीतून वाहून जातं. म्हणून ४० किंवा ५०. मग ६० का नको? कारण जाड ऑइलने प्रेशरचा काटा वर जातो आणि मालक खूश होतो, पण काटा दाखवतो तो अडथळा. बेअरिंगपर्यंत ऑइल किती पोचलं हे तो सांगत नाही. पहाटे गाडी सुरू केल्यावर वरच्या रॉकरपर्यंत ऑइल चढायला लागणारे पहिले काही क्षण, झीज जास्त होते ती तेव्हाच. जाड ऑइल हे क्षण लांबवतं.

साधं एकेरी ४० नंबर आणि मल्टिग्रेड यांच्यात काय निवडायचं? मल्टिग्रेडमध्ये लांबलचक रेणूंचे पॉलिमर घातलेले असतात. थंडीत ते अंग चोरून बसतात, उकाड्यात हातपाय पसरतात आणि ऑइलला फार पातळ होऊ देत नाहीत. वापराने हे रेणू तुटतात, हा त्यांचा दोष. एकेरी ४० मध्ये ती भानगड नाही, आणि बाराही महिने गारठा नसलेल्या गावात ते चालतंही. तरी माझं मत २०डब्ल्यू-५० कडे झुकतं. ब्रिटनमध्ये १९५९ साली बीएमसी कंपनीची मिनी मोटार आली. तिचं इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच ऑइलवर चालायचे, आणि गिअरच्या दात्यांत सापडलं की पातळ मल्टिग्रेड लवकर दम तोडायचं. १९६० च्या दशकात तिकडे २०डब्ल्यू-५० चा बोलबाला झाला त्यात मिनीचा मोठा वाटा होता. अ‍ॅम्बॅसेडरमधलं १४८९ सीसीचं इंजिनही याच बीएमसीच्या घराण्यातलं.

आता ती सारखी असलेली गोष्ट. फियाट, अ‍ॅम्बॅसेडर, जीप, तिन्हींमध्ये कॅमचा फुगवटा सपाट बुडाच्या टॅपेटवर घासत जातो. आजच्या बऱ्याच इंजिनांत तिथे रोलर असतो. तो लोळतो, घासत नाही. सपाट टॅपेटवर कॅमचं टोक येतं तेव्हा दाब इतका वाढतो की ऑइलचा पदर फाटतो आणि लोखंड लोखंडाला भिडतं. तिथे ऑइलची जाडी कामाला येत नाही, रसायन येतं. मेस्त्री त्याला 'झिंक' म्हणतात. पूर्ण नाव झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट, लघुरूप झेडडीडीपी. १९४० च्या दशकापासून ते ऑइलमध्ये मिसळतात. उष्णता आणि दाबाखाली ते फुटतं आणि धातूवर काचेसारखा फॉस्फेटचा अतिपातळ थर बसवतं. घासला जातो तो थर, कॅम वाचतो.

पुढे या रसायनाला शत्रू भेटला. ऑइल थोडं थोडं जळतं, त्यातला फॉस्फरस धुराबरोबर जातो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो. आपल्याकडे १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. जगभर ऑइलमधला फॉस्फरस कमी होत गेला, ऑइलचे दर्जे ठरवणाऱ्या एपीआय या संस्थेच्या २००४ च्या एसएम वर्गापासून तो ०.०८ टक्क्यावर आला. तेव्हापासून जुन्या गाड्यांच्या दुनियेत घबराट आहे: नवं ऑइल टाकलं की कॅम खाल्ला जातो!

या घबराटीत तथ्य आहे, पण अर्धं. ती मर्यादा इंधन वाचवणाऱ्या पातळ ऑइलांना, म्हणजे दुसरा आकडा २० किंवा ३० असलेल्यांना आहे. २०डब्ल्यू-५० सारख्या ऑइलवर ती सहसा लागू नाही, त्यामुळे त्यात झिंक बहुधा पुरेसं असतं. म्हणजे हवा पाहून जे निवडलं तेच कॅमलाही मानवतं. खात्री हवी तर कंपनीच्या माहितीपत्रकात फॉस्फरसचा आकडा शोधावा, ०.१० ते ०.१२ टक्क्यांच्या आसपास असेल तर निर्धास्त राहावं. झिंकच्या वेगळ्या बाटल्या मिळतात, त्या अंदाजाने ओतू नयेत. प्रमाणाबाहेर झालं तर हेच रसायन धातूला खड्डे पाडतं.

एपीआयची अक्षरं पेट्रोल इंजिनांसाठी एस पासून सुरू होतात. एसए म्हणजे काहीही न मिसळलेलं ऑइल, एसबी म्हणजे जेमतेम काहीतरी मिसळलेलं. एसएफ १९८० चं, एसजे १९९७ चं, एसएन २०१० चं. जुन्या गाडीला जुनं अक्षर हवं असं वाटून एसए किंवा एसबी शोधणारे हौशी मी पाहिले आहेत. त्यांना एवढंच सांगणं की १९६५ ची फियाटसुद्धा त्या काळच्या बऱ्या ऑइलवर चालत होती.

खरी गुंतागुंत मळाची. पूर्वी डिटर्जंट नसलेलं ऑइल सर्रास वापरायचे. अशा ऑइलमध्ये काजळी आणि कचरा तरंगत न राहता तळाशी, म्हणजे चेंबरमध्ये आणि टॅपेट कव्हरखाली, डांबरासारखा साचतो. चाळीस वर्षं न उघडलेल्या इंजिनात हा थर बोटभर असू शकतो. त्यात आजचं उत्तम डिटर्जंटवालं ऑइल टाकलं की ते इमानेइतबारे सफाई सुरू करतं, सुटलेली ढेपळं पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात, जाळी बुजते आणि बेअरिंग कोरडं पडतं. दोष मग नव्या ऑइलला दिला जातो.

म्हणून ऑइल घेण्याआधी टॅपेट कव्हरचे नट सोडून आत पाहावं. धातू चहाच्या रंगाचा पण स्वच्छ दिसला तर २०डब्ल्यू-५० खुशाल भरावं. इंजिन अलीकडे बांधलेलं असेल तर प्रश्नच नाही. फक्त पहिलं, रनिंग-इनचं ऑइल पाचशे किलोमीटरच्या आत काढावं. पण आत काळा लगदा दिसला तर चेंबर उतरवून, जाळी काढून, हाताने साफ करून घ्यावं, नवं पॅकिंग लावावं आणि मगच भरावं. त्यानंतरची पहिली दोन ऑइलं लवकर बदलावीत. आपल्याकडे डिझेल किंवा रॉकेल ओतून इंजिन 'धुवायची' रीत आहे. तिने लगदा सुटतो, निघत नाही, आणि आत राहिलेलं डिझेल नव्या ऑइलला पातळ करतं. ही रीत बंद व्हावी.

बाकीचे पर्याय थोडक्यात. ट्रॅक्टरचं १५डब्ल्यू-४०, डब्यावर सीआय-४ लिहिलेलं, गावोगाव मिळतं. त्यात झिंक भरपूर आणि डिटर्जंटही भरपूर. स्वच्छ इंजिनात चालेल, मळलेल्यात अजिबात नको. मोटरसायकलचं २०डब्ल्यू-५०, ज्यावर जासो एमए लिहिलेलं असतं, तेही अडीनडीला चालतं. सिंथेटिक वाईट नाही, पण त्याचा मुख्य फायदा लांब पल्ल्याचा आणि जुनी गाडी वर्षाला हजारभर किलोमीटरही जात नाही. शिवाय जुन्या ब्रिटिश इंजिनांत क्रँकच्या मागच्या टोकाला कित्येकदा रबरी सील नसतं, ऑइल आत परतवणारी चक्राकार खाच असते. अशा गाडीखाली चार थेंब पडणारच, ते महागातले कशाला? सुट्ट्या ड्रममधलं ऑइल मात्र कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नये.

बदलायचं कधी, हे कॅलेंडर पाहून. मागच्या लेखात आलंच आहे की २०२१ च्या नियमांनुसार 'व्हीए' मालिकेत नोंदलेली पन्नाशीपुढची गाडी रोज फिरवता येत नाही. दसऱ्याची पूजा, एखादं लग्न, शिवजयंतीची मिरवणूक, एवढ्या छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही. ज्वलनातलं पाणी आणि चोक ओढल्यावरचं जादा पेट्रोल आत ऑइलमध्येच राहतं. पावसाळ्यात माळशेज-भीमाशंकरच्या पट्ट्यात ऑइलच्या झाकणाखाली पिवळट फेस जमतो तो यामुळे. तेव्हा वर्षातून एकदा, पावसाळा सरल्यावर, ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलावेत. दांडी काढल्यावर तिचा वासही घ्यावा. ऑइलची पातळी घटण्याऐवजी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला तर पेट्रोल पंपाचा पडदा फाटून पेट्रोल चेंबरमध्ये उतरतंय. अशी गाडी सुरू करू नये, आधी पंप पाहावा.

काढलेलं काळं ऑइल लाकडाला वाळवीसाठी किंवा बांधकामाच्या प्लेटांना लावायला मागून नेणारे असतात. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडतं आणि २०१६ च्या नियमांप्रमाणे परवानाधारक पुनर्प्रक्रियाकाराकडेच जायला हवं. आपल्या गॅरेजवाल्याचा ड्रम कोण नेतो हे एकदा विचारून घ्यावं. ओढ्यात किंवा बांधावर ओतलेलं ऑइल शेवटी कुकडी-मीना-घोडच्याच पाण्यात उतरतं.

पुढच्या आठवड्यात गिअरबॉक्स. तिथलं '९० नंबर' प्रत्यक्षात इंजिनच्या ५० नंबरइतकंच जाड कसं, आणि त्यातल्या काही प्रकारांचं पितळी रिंगांशी का पटत नाही, ते पाहू.