एका जिल्ह्यातले दोन पावसाळे
पावसातल्या वाटा : लेखांक चौथा

आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरेच्या काठी पोचते, दत्त घाटावर पादुकांना स्नान घडते आणि पाडेगावापाशी सातारा जिल्हा लागतो. पुढचा मुक्काम लोणंद. एरवी कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे हे गाव त्या दिवसांत राहुट्या, दिंड्यांचे ट्रक आणि पाण्याच्या टँकरांनी भरून जाते. मुक्काम तिथीनुसार एखाद्या दिवसाने कमी-जास्त होतो. तिथून पालखी तरडगावकडे निघते, वाटेत चांदोबाच्या लिंबापाशी पहिले उभे रिंगण होते आणि मग फलटण.

लाखो माणसे भर पावसाळ्यात, मोकळ्या रानात, कापडी राहुट्यांमध्ये रात्री काढतात. हे शक्य होते त्यात भक्तीचा वाटा मोठा आहेच, पण भूगोलाचाही आहे. सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण ही वाट पर्जन्यछायेच्या प्रदेशातून जाते. सरी येतात, अंगावर प्लास्टिकचा कागद ओढून वारकरी चालत राहतात, थोड्या वेळाने ऊन पडते आणि धोतरे वाऱ्यावर सुकतात. हीच वाट सह्याद्रीच्या माथ्यावरून जाती, तर जून-जुलैत अशा मुक्कामांची कल्पनाही करता आली नसती.

माथ्यावरचा तो पाऊस पाहायचा असेल तर त्याच दिवसांत लोणंदहून पश्चिमेला निघावे. खंडाळा, खंबाटकी घाट, सुरूर, वाई अशी वाट आहे. वाईपर्यंत आभाळ भरलेले असते, पण काचेवरचा वायपर अधूनमधूनच लावावा लागतो. पसरणी घाट चढताना धुके सुरू होते. पाचगणीत पाऊस धरलेला असतो. महाबळेश्वरच्या जवळ आले की तो थांबण्याचे नाव घेत नाही. अंतर फार नाही. लोणंद ते महाबळेश्वर सरळ रेषेत मोजले तर साठ किलोमीटरही भरत नाही. पण लोणंदच्या पट्ट्यात वर्षाचा पाऊस पाच-सहाशे मिलिमीटरच्या घरात, तर महाबळेश्वरात साडेपाच-सहा हजारांच्या आसपास. म्हणजे दहापट. २०२१ च्या जुलैत, २२ आणि २३ तारखेच्या दरम्यान, महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. लोणंदकरांचा वर्षाचा पाऊस तिथे एका दिवसात पडला.

गेल्या लेखांकात ढग घाट कसे चढतात ते पाहिले होते, त्यामुळे इथे थोडक्यात. अरबी समुद्रावरून येणारी ओली हवा सह्याद्रीच्या भिंतीवर आपटून वर चढते, गार होते आणि आपले पाणी माथ्यावरच सांडते. पलीकडे उतरताना ती पुन्हा तापते, त्यामुळे उरलेली वाफ हवेतच राहते आणि ढग विरतात. पाचगणी महाबळेश्वरपासून वीस किलोमीटरच्या आत, तरी तिथला पाऊस महाबळेश्वरच्या जेमतेम एक-तृतीयांश.

हा फरक इंग्रजांनी लवकर हेरला होता. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८ च्या सुमारास महाबळेश्वरच्या वसाहतीचा पाया घातला. पण ती उन्हाळ्यातली वस्ती होती. पावसाची चाहूल लागली की बंगल्यांना गवताच्या झड्या बांधायच्या आणि सगळ्यांनी खाली उतरायचे. मुंबई सरकारचा पावसाळी मुक्काम पुण्यात असे. बाराही महिने राहता येईल अशी जागा हवी म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात जॉन चेसन यांनी पाचगणी वसवायला घेतली. पुढे तिथे निवासी शाळा उभ्या राहिल्या, त्यामागे हे पावसाचे गणित आहे. रेल्वे आल्यावर महाबळेश्वरचे पाहुणे लोणंदच्याच मार्गावरच्या वाठार स्थानकात उतरत आणि वाईमार्गे वर जात; पण जूनपूर्वी नाहीतर ऑक्टोबरात. पावसाळ्यात मुद्दाम महाबळेश्वरला जायचे, ही आवड अलीकडची आहे.

ती आवड वाईट नाही. उलट, सह्याद्री पावसात पाहिलाच पाहिजे. पण जाणारा माणूस बहुतेकदा एकच प्रश्न विचारतो: पावसाळ्यात जावे की नाही? असे विचारून हाती काही लागत नाही. डोंगराच्या कोणत्या अंगाला, कोणत्या महिन्यात आणि दिवसाच्या कोणत्या वेळी, हे विचारायला हवे. जगात एका देशाने हाच प्रश्न नीट मांडून त्यावर आपले पर्यटन उभे केले आहे, आणि त्याची रचना सातारा जिल्ह्याशी चकित करण्याइतकी जुळते.

तो देश म्हणजे मध्य अमेरिकेतला कोस्टा रिका. क्षेत्रफळ सुमारे ५१,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा सहावा हिस्सा. एका बाजूला कॅरिबियन समुद्र, दुसऱ्या बाजूला प्रशांत महासागर, आणि सर्वांत अरुंद ठिकाणी दोघांत अंतर जेमतेम १२० किलोमीटर. मध्ये वायव्येकडून आग्नेयेकडे गेलेली डोंगरांची आणि ज्वालामुखींची रांग. तिथले सर्वोच्च शिखर चिरिपो ३,८२० मीटर उंच. आपल्याकडे ओले वारे पश्चिमेकडून येतात, तिथे ईशान्येचे व्यापारी वारे कॅरिबियन समुद्रावरून येतात. म्हणून पूर्वेचा उतार त्यांचा महाबळेश्वर. पश्चिमेला, वायव्य कोपऱ्यातला ग्वानाकास्ते प्रांत हा त्यांचा लोणंद-फलटणचा पट्टा, अर्थात त्यांच्या मापाने. तिथेही दीड हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण डिसेंबर ते एप्रिल गवत वाळून पिवळे होते, गुरांना पाणी शोधावे लागते.

प्रशांत महासागराच्या बाजूला पावसाळा मे ते नोव्हेंबर. प्रवास कंपन्या आणि हॉटेलवाले त्याला ‘हिरवा हंगाम’ म्हणतात आणि दर उतरवतात. अमेरिकेतल्या शाळांची मोठी सुट्टी जून ते ऑगस्टमध्ये येत असल्याने तिथून निघणाऱ्या कुटुंबांना, त्यांत मराठी कुटुंबेही आली, हाच हंगाम हाती लागतो. घाबरण्याचे कारण नसते, कारण तिथला पाऊस घड्याळ पाळतो. पहाटे साडेपाचला उजाडते, सकाळ लख्ख असते. ऊन जमीन तापवते, वाफ वर चढते, अकरा-बाराला डोंगरांवर पांढरे ढग फुगू लागतात आणि दुपारी गडगडाटासह सर कोसळते. संध्याकाळपर्यंत बहुधा ओसरते. म्हणून तिथले वाटाडे पर्यटकांना सहाला जंगलात नेतात आणि जेवणाच्या वेळेला परत आणतात.

लोणंदच्या शेतकऱ्याला हे चित्र परके वाटणार नाही. मृग-आर्द्रात त्याच्या वाट्याला भुरभुर येते. खरा पाऊस पडतो तो उत्तरा-हस्तात, सप्टेंबरच्या मध्यापासून पुढे. सकाळी कडक ऊन, दुपारी पूर्वेकडून काळे ढग, विजा, तासभर धोधो पाणी. त्या पावसावर रब्बीची पेरणी ठरते आणि काढणीला आलेल्या हळव्या कांद्याची नासाडीही त्यानेच होते. परतीचा हा पाऊस आणि कोस्टा रिकाच्या राजधानीतली, सान होसेच्या दुपारची सर यांची घडण एकच: तापलेली जमीन आणि वर चढणारी वाफ. महाबळेश्वरचा जुलैतला पाऊस वेगळ्या जातीचा. त्याला सकाळ-दुपार नसते. वारा डोंगरावर आपटत आहे तोवर तो पडत राहतो. त्यामुळे ‘सकाळी लवकर निघा’ हा सल्ला लोणंदला सप्टेंबरात उपयोगी, महाबळेश्वरला जुलैत निरुपयोगी.

आणखी एक गंमत कोस्टा रिकाच्या पंचांगात आहे. जुलैत व्यापारी वारे जोर धरतात तेव्हा कॅरिबियन बाजूला पाऊस वाढतो आणि प्रशांत बाजूला काही दिवस उघडीप मिळते. सप्टेंबर-ऑक्टोबरात उलटे होते: प्रशांत किनारा पुरता भिजतो आणि कॅरिबियन किनाऱ्यावर वर्षातले बऱ्यापैकी कोरडे दिवस येतात. ऑक्टोबरात जाणाऱ्याने नकाशावर पूर्वेला बोट ठेवले की काम झाले. त्याच किनाऱ्यावर तोर्तुगेरो आहे. तिथे रस्ता जात नाही. होडीने किंवा छोट्या विमानाने जावे लागते. जुलै ते ऑक्टोबर हिरवी समुद्री कासवे रात्री वाळूत अंडी घालायला येतात. ती पाहायला परवानाधारक वाटाड्याबरोबरच जावे लागते, कॅमेऱ्याला बंदी असते. १९५९ पासून तिथे कासवांच्या संवर्धनाचे संघटित काम चालू आहे. म्हणजे पावसाळ्यात जाऊन काही गमावत नाही, उलट कासवे त्याच काळात भेटतात.

साताऱ्याची कासवे म्हणजे कासची फुले. कास पठार साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर, सुमारे १,२०० मीटर उंचीवर. जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर, त्यात साडेआठशेच्या आसपास सपुष्प वनस्पती. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरवले, त्यात कासचा समावेश आहे. या पठाराचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. जुलैत धुके आणि पाणी याखेरीज काही दिसत नाही. नोव्हेंबरात खडक उघडा पडतो. मधल्या दिवसांत, पाऊस उघडझाप करू लागला की, सीतेची आसवे निळी-जांभळी पसरतात, कीटक खाणारे दवबिंदू चमकतात, साताऱ्याचे नाव मिरवणारा वायतुरा उगवतो. टोपली कारवी तर सात वर्षांनी एकदाच फुलते. गर्दीने फुले तुडवली जाऊ लागली तेव्हा वन विभागाने आणि आसपासच्या गावांच्या समितीने प्रवेश शुल्क लावले, ऑनलाइन नोंदणी सुरू केली, दिवसाला तीन हजारांची मर्यादा घातली. सुट्टीच्या दिवशी ती मर्यादा पाळणे कठीण जाते, तरी दिशा योग्य आहे. रविवार टाळून मंगळवार-बुधवारी जाणाऱ्याला पठार खरे दिसते.

आता धोक्याविषयी, कारण त्याशिवाय हा लेखांक पुरा होणार नाही. पर्जन्यछायेत राहणाऱ्या माणसाची एक फसगत होते. डोक्यावर पाऊस नाही म्हणजे नदी शांत, असे त्याला वाटते. नीरेचे पाणी लोणंदच्या पावसाचे नसते. ते भोरच्या डोंगरांतून येते. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी ही धरणे भरली आणि वीर धरणातून विसर्ग वाढला की लोणंदला ऊन पडलेले असतानाही पाडेगावची नदी फुगते. कोस्टा रिकात डोंगरातल्या ओढ्यांवर हे काही मिनिटांत घडते. वर कुठेतरी ढग फुटतो आणि खाली, निरभ्र आकाशाखाली पोहणाऱ्यांवर गढूळ पाण्याची भिंत येते. तिथे याला ‘काबेसा दे आग्वा’ म्हणतात आणि वाटाडे धबधब्याकडे नेण्याआधी वरचे आभाळ पाहतात. लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ते असेच अचानक वाढलेल्या लोंढ्यात. पाणी गढूळ होणे, त्यात पाने-काटक्या येणे, आवाज बदलणे ही खूण दिसताच काठावर यायचे असते. एवढे तरी प्रत्येक शाळेत शिकवायला हवे.

दुसरा धोका रस्त्याचा. सान होसेहून कॅरिबियन किनाऱ्याकडे जाणारा ३२ क्रमांकाचा महामार्ग ब्राउलियो कारिल्यो राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांतून जातो. दरडींमुळे तो वारंवार बंद होतो, आणि तो बंद करण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. २०१७ च्या ऑक्टोबरात ‘नेट’ वादळाच्या पावसाने तिथले अनेक रस्ते आणि पूल गेले. आपल्याकडे महाबळेश्वर-पोलादपूरचा आंबेनळी घाट तसाच. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीहून महाबळेश्वरच्या सहलीला निघालेली बस तिथे दरीत कोसळली, एकच प्रवासी वाचला. २०२१ च्या त्या जुलैत याच घाटाचा रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला आणि त्याच दिवसांत पाटण तालुक्यात आंबेघरसारख्या वस्त्यांवर दरडी कोसळल्या. सहलीला आलेला माणूस दुसऱ्या दिवशी घरी परततो; त्या दरडींखालची घरे मात्र तिथल्याच लोकांची होती. घाटातल्या गावात गाडी आडवी लावून, रस्ता अडवून नाचणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

लोणंद-फलटणच्या वाचकांनी यंदा सहल आखताना महिना आधी ठरवावा. जुलैत घाटमाथ्याऐवजी वाई-मेणवलीचा कृष्णाकाठ पुरेसा आहे. तिथे पावसाचा जोर बेताचा आणि मेणवलीचा घाट व नाना फडणवीसांचा वाडा जवळच. सप्टेंबर लागला की कास, पण नोंदणी करूनच. ठोसेघरचा धबधबा कठड्याच्या अलीकडून पाहावा. निघण्याआधी हवामान खात्याचा सातारा घाटमाथ्याचा इशारा बघावा. आपल्या गावावरचे आभाळ बघून ठरवू नये. ‘लाल’ किंवा ‘नारिंगी’ असेल तर बेत पुढच्या आठवड्यावर ढकलावा आणि घाट बंद असल्याचा फलक दिसला तर पोलिसांशी वाद न घालता गाडी वळवावी.