भिंतीवर चित्र, खिशाला परवडेल असं

घरात मोठ्या कलावंताचं चित्र हवंय, पण किंमत झेपत नाही? मग छापचित्र घ्या. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोहोचल्या. जबलपूरकरांच्या शेजारच्या डिंडोरी जिल्ह्यातल्या पाटनगढचे गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम यांनीही भोपाळच्या भारत भवनात छापचित्रं केली.

घेताना तीन गोष्टी पाहा: चित्रकाराची पेन्सिलीने केलेली सही, ‘१२/५०’ असा आकडा, म्हणजे पन्नासांतली बारावी प्रत, आणि पिवळा न पडणारा आम्लविरहित कागद. सही-आकडा नसेल, तर चित्रकाराला यातून काय मिळतं, हे नक्की विचारा. घरी आणल्यावर काचेच्या फ्रेममध्ये, ऊन न लागणाऱ्या भिंतीवर लावा. रंग वर्षानुवर्षं टिकतील.