कायद्यात बौद्ध, पण चकमा बाहेरच

‘नागरिकत्व सुधारणा कायद्यात बौद्धांचे नाव आहे, मग आपण प्रश्न का विचारायचे?’ अभ्यासवर्गात तरुण आम्हाला असे विचारतात. उत्तरासाठी आम्ही त्यांना अरुणाचल प्रदेशातील चकमा बांधवांची गोष्ट सांगतो.

चकमा बहुसंख्येने बौद्ध आहेत. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात कर्णफुली नदीवर काप्ताई धरण झाले आणि सुमारे १ लाख लोक बेघर झाले. १९६४ पासून भारत सरकारनेच त्यांच्यापैकी अनेकांना आजच्या अरुणाचलात वसवले. त्यांच्या जीविताचे रक्षण करा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये राज्याला बजावले. २०१५ मध्ये पात्र लोकांना नागरिकत्व देण्याचा आदेश दिला. तरीही प्रश्न सुटलेला नाही.

२०१९ चा कायदा पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या बौद्धांसह सहा धर्मीयांसाठी आहे; मुस्लिमांना वगळून. पण त्याची ही तरतूद इनर लाइन क्षेत्राला लागू नाही आणि अरुणाचल त्याच क्षेत्रात येते. तिबेट व म्यानमार तर यादीतच नाहीत.

सीमेवर पहारा हवाच. जमीन व संख्याबळ जाईल, ही स्थानिक आदिवासींची भीतीही समजून घेतली पाहिजे. पण संविधानाची कलमे १४ आणि २१ केवळ नागरिकाला नव्हे, प्रत्येक ‘व्यक्ती’ला संरक्षण देतात. १९९६ च्या निकालाचा आधार कलम २१ हाच होता.

म्हणून मित्रांनो, यादीत आपले नाव शोधून थांबू नका. निकष धर्म असावा की माणूस, हे विचारा. जय भीम!