रानडुकराची शिकार: परवानगी कुठे मिळते आणि कमी खर्चात पीक कसं वाचतं



मका दाण्यात भरू लागला, भुईमुगाला शेंगा धरल्या की रानडुकरांचा कळप रात्रीत वावर लोळवून जातो. त्यामुळे गटावर, विशेषतः तरुण सभासदांकडून, एकच प्रश्न येतोय: "डुकराची शिकार करायची आहे, आधी कधी केलेली नाही. कमी पैशात कुठे करता येईल?" सोबत परदेशातले व्हिडिओही फिरतायत. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

*1) पैसे भरून शिकार करायची जागा आपल्याकडे नाही*
व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतल्या टेक्सासचे असतात. तिथे बाहेरून आणलेली डुकरं मोकाट सुटून वाढली, म्हणून काही जमीनमालक पैसे घेऊन शिकाऱ्यांना आपल्या रानात येऊ देतात. आपलं रानडुक्कर इथलंच आहे आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 च्या अनुसूची 2 मध्ये आहे. फासा लावणं, सापळा मांडणं, नुसता प्रयत्न करणं, हे सगळं कायद्याने शिकारच. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "माझ्या ओळखीचं रान आहे, एवढे पैसे द्या" असं कुणी म्हटलं तर जाऊ नका.

*2) परवानगीचा रस्ता आहे, पण तो पिकासाठी, हौसेसाठी नाही*
उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुकराला मारण्याची लेखी परवानगी कलम 11 खाली अधिकृत वन अधिकारी देऊ शकतात. अर्ज घेऊन आपल्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या (आरएफओ) कार्यालयात जा. गट नंबर, पीक, नुकसानीच्या तारखा लिहा आणि फोटो जोडा. तीन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा:
- लेखी कागद हातात आल्याशिवाय काही करायचं नाही. कागदावरच्या अटी पाळायच्या.
- बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. दोन्ही वेगळे.
- मेलेलं डुक्कर सरकारी मालमत्ता असतं. वनविभागाला कळवायचं. मटण वाटणं, विकणं, खाणं हा गुन्हा.

नवशिक्याने तर यात पडूच नये. अंधारात हलणाऱ्या तुरीमागे डुक्कर असेल, तसा राखणीला आलेला शेजारीही असेल. जखमी डुक्कर उलटून अंगावर येतं ते वेगळंच.

*3) लाईटची तार कुंपणाला जोडू नका*
सगळ्यात स्वस्त वाटणारा हा उपाय सगळ्यात महाग पडतो. घरगुती लाईनचा करंट सतत वाहतो. हाताचे स्नायू आखडतात, तार सुटत नाही आणि माणूस जागेवर जातो. रात्री पाणी धरायला गेलेले शेतकरी, मजूर, घरचीच माणसं यात मेली आहेत. मग सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो, आकडा टाकला असेल तर वीजचोरीचाही. पिठात गावठी बॉम्ब ठेवणंही तसंच. तो डुक्कर खाईल की आपली गाय, हे सांगता येत नाही.

*4) पैसा इथे घाला*
*झटका मशीन:* सौर झटका मशीन साधारण सेकंदाला एकदा, क्षणभरच झटका देतं. डुक्कर दचकून मागे फिरतं, जीव जात नाही. डुक्कर नाकाने वाट काढतं, म्हणून पहिली तार जमिनीपासून 20 ते 25 सेंमीवर आणि दुसरी 45 सेंमीच्या आसपास हवी. अर्थिंग चांगलं करा. तारेखालचं गवत काढत राहा, नाहीतर करंट गवतातून जमिनीत उतरतो आणि मशीन चालू असूनही झटका बसत नाही. मशीन घरी बनवू नका, प्रमाणित कंपनीचंच घ्या.

*शेजाऱ्यांसोबत करा:* चौरस 1 एकराचा घेर साधारण 255 मीटर. चौघांनी वेगवेगळं कुंपण केलं तर एका पदराला 1,020 मीटर तार लागते. तेच 4 एकर सलग चौरसात घेतले तर 510 मीटर. तार निम्मी, खांब निम्मे आणि मशीन एकच. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला अनुदान आहे. आपलं गाव त्यात बसतं का, ते वनविभागाच्या कार्यालयात विचारा.

*काठाचं पीक:* मक्याभोवती एरंड दाट लावा. रब्बी भुईमुगाभोवती काटेरी करडईच्या चार ओळी घ्या. एवढ्याने डुक्कर पूर्ण थांबत नाही, पण त्रास कमी होतो.

*5) नुकसान झालं तर भरपाई मागा*
नुकसान दिसल्यापासून 3 दिवसांच्या आत वनरक्षक, वनपाल किंवा आरएफओ यांच्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. पंचनामा होईपर्यंत वावर नांगरू नका. खुरांचे ठसे, उकरलेली जमीन, मोडलेली ताटं यांचे तारीख आणि लोकेशनसह फोटो काढा. सातबारा आणि बँक पासबुकाची झेरॉक्स तयार ठेवा. वनविभागाची टोल फ्री हेल्पलाईन: 1926.

*आज एवढं करा:* संध्याकाळी दिवस मावळायच्या आत ओढ्याकडून आणि पाणंदीकडून बांधाला फेरी मारा. डुकरं शक्यतो ठरलेल्या वाटेनेच येतात. ती वाट सापडली तर कुंपणाची सुरुवात तिथूनच करा. लगतचे तीन-चार सभासद तयार असतील तर गट नंबरसह कंपनीच्या कार्यालयात नावं द्या. शिवारात येऊन मोजमाप आणि खर्चाचा हिशोब आम्ही करून देऊ.

हा मेसेज राखणीला जाणाऱ्या प्रत्येकापर्यंत पोचवा. पीक पुढच्या हंगामात परत घेता येतं, गेलेला माणूस येत नाही.

आपला,
कृषी सल्लागार