पाडाव केलेलं जहाज कुणाचं?

अंबरनाथच्या शिवमंदिराशेजारून वालधुनी वाहते, बदलापूरच्या बॅरेजवरून उल्हास. दोघी कल्याणजवळ भेटतात आणि पुढे खाडी लागते. ‘आपला आणि समुद्रावरच्या लढायांचा काय संबंध?’ असं इथला माणूस सहज म्हणतो. पण १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतलं आणि मराठी आरमाराची पहिली गलबतं याच खाडीत बांधायला घेतली. रुई लेतांव व्हिएगस हा पोर्तुगीज आपली माणसं घेऊन त्या कामावर होता. ही गलबतं उद्या आपल्याच विरुद्ध येतील, अशी धास्ती वसईच्या पोर्तुगीजांनी घेतली आणि ही माणसं काम अर्धवट टाकून निघून गेली. आरमार मात्र उभं राहिलं.

आरमार म्हटलं की नाकेबंदी आली. मोठी जहाजं आणून उभी केली की शत्रूची वाट बंद होते, असा समज आहे. तो मुंबईजवळच्या खांदेरी बेटानं १६७९ मध्येच खोटा ठरवला. त्या वर्षी पावसाळ्यात शिवाजी महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडारी यांनी बेटावर तटबंदी सुरू केली. मुंबईच्या तोंडावर मराठ्यांचा किल्ला इंग्रजांना परवडणारा नव्हता, म्हणून त्यांची जहाजं बेटाभोवती आली. ती वाऱ्यावर चालणारी, खोल पाणी लागणारी. मराठ्यांच्या होड्या वल्ह्यांच्या. रात्री थळच्या किनाऱ्यावरून निघून उथळ पाण्यातून त्या बेटावर रसद पोचवत. १८ ऑक्टोबरला मराठी आरमाराच्या दौलतखानानं थेट हल्ला चढवला. इंग्रज कप्तान केग्विनचं ‘रिव्हेंज’ नेटानं लढलं, पण इंग्रजांचं ‘डव्ह’ मराठ्यांनी पाडाव केलं. शेवटी खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

पुढे १८५६ च्या पॅरिसच्या जाहीरनाम्यात युरोपातल्या राष्ट्रांनी नियम लिहिला, की नाकेबंदी कागदावर पुरत नाही, ती समुद्रात खरोखर टिकली पाहिजे. १९७१ च्या डिसेंबरात ‘आयएनएस विक्रांत’च्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले आणि पूर्व पाकिस्तानातल्या सैन्याला समुद्राची वाट उरली नाही, ती नाकेबंदी अशी टिकलेली होती.

सगळ्यांत जुना आणि मला सगळ्यांत जास्त खटकणारा गैरसमज कान्होजी आंग्र्यांबद्दलचा. इंग्रजांनी त्यांना चाचा म्हटलं आणि आपणही ते वाचत आलो. चाचा कुणाचाच चाकर नसतो. कान्होजी मराठी राज्याचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते. किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापाऱ्यानं पैसे भरून त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना घ्यायचा. दस्तक नसलेलं तारू पाडाव व्हायचं. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून ‘कार्ताझ’ नावाचा असाच परवाना हिंदी जहाजांवर लादत होते, त्यांना कुणी चाचे म्हणत नाही. खरं भांडण निशाणाचं होतं. देशी व्यापाऱ्यांचा माल इंग्रजी निशाणाखाली दस्तकाशिवाय जाऊ लागला. म्हणूनच १७१३ च्या तहात कान्होजींनी ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं अडवणार नाही असं कबूल केलं, आणि इंग्रजी व्यापाऱ्यांखेरीज कुणाच्या जहाजावर इंग्रजी निशाण लागणार नाही, हे इंग्रजांकडून कबूल करून घेतलं. कैद्यांवर खंडणी ते घेत, हे लपवायचं कारण नाही. १७१२ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरची नौका त्यांनी पकडली, तीवरची एक इंग्रज बाई तीस हजार रुपये मिळाल्यावरच सुटली.

मग पकडलेल्या जहाजाचा पैसा कुणाचा? पकडणाऱ्याचा, असं वाटतं. इंग्रजी कायद्याच्या दृष्टीनं तो आधी सरकारचा. जहाज खरोखर शत्रूचं होतं का, हे न्यायालय ठरवी आणि मग राजा ते पकडणाऱ्यांना देई. १७०८ पासून इंग्रजी आरमारात सगळी किंमत आठ वाट्यांत विभागत. तीन वाटे कप्तानाचे, त्यातला एक त्याच्या वरच्या ॲडमिरलचा. शेकडो खलाशांत मिळून दोन. ही पद्धत अमेरिकेनं १८९९ मध्ये बंद केली, ब्रिटननं दुसऱ्या महायुद्धानंतर. आपल्याकडे अशा जहाजांचा निवाडा करणाऱ्या न्यायालयांची तरतूद १९७१ च्या कायद्यात आहे.

या वाटणीनं माणसं काय करतात, ते आंग्र्यांच्या विजयदुर्ग किल्ल्यात दिसलं. १७५६ मध्ये पेशवे आणि इंग्रज मिळून कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्र्यांवर चालून गेले. इंग्रज ॲडमिरल वॉटसनचं आरमार मुंबईहून निघायच्या आधीच लुटीचे वाटे ठरले होते. आपला वाटा जहाजाच्या कप्तानाएवढाच धरलाय, म्हणून फौजेचा प्रमुख क्लाइव्ह अडून बसला आणि माझ्यातलं भरून देतो असं वॉटसनला म्हणावं लागलं. १२ फेब्रुवारीला इंग्रजांचा तोफगोळा ‘रिस्टोरेशन’वर पडला. हे जहाज मूळ इंग्रजांचं, आंग्र्यांनी पाडाव केलेलं. तिथून आग पसरली आणि बंदरातलं सगळं आरमार पेटलं. तुळाजी बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेले होते. किल्ला मराठ्यांच्या हाती जाईल आणि लुटीत वाटेकरी वाढतील, म्हणून इंग्रजांनी रातोरात फौज उतरवून मराठ्यांची वाट अडवली आणि दुसऱ्या दिवशी एकट्यानंच आत शिरले. आत सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज सापडला. पेशव्यांना किल्ला द्यायचं ठरलं ते ऑक्टोबरच्या तहात, बाणकोट इंग्रजांकडे ठेवून. तोवर दहा लाख वाटून झाले होते, आणि आंग्र्यांच्या गुराबा, म्हणजे लढाऊ जहाजं, विजयदुर्गाच्या बंदरात जळून गेली होती.